मोटार अशी बसवा की विहिरीत कुणाला उतरावंच लागणार नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमळनेर तालुक्यातलं गाव. घराच्या मागच्या वाड्यात आजोबांच्या काळातली दगडी विहीर, व्यास १० फूट, मूळ खोली ५५ फूट. मे महिन्यात पाणी ४२ फुटांवर जातं. पाच वर्षांपासून वापर बंद, वर पत्रे टाकलेले. आता स्लॅबवर १००० लिटरची टाकी ठेवून घरात नळ करायचे आहेत. एक एचपीची मोनोब्लॉक मोटार (पाण्याबाहेर बसून पाणी ओढणारी) विकत आणून झाली आहे. कुणीतरी सुचवलं की विहिरीत २० फुटांवर भिंतीत अँगल ठोका आणि त्यावर मोटार बसवा. येत्या रविवारी प्रश्न विचारणारे भाऊ दोर बांधून खाली उतरणार, त्यांचा मुलगा वर थांबणार, आणि गाळ काढून मोटार बसवणार. पाईप कोणता, वायर कोणती, एवढंच त्यांनी विचारलं आहे.

भाऊ, पाईप आणि वायर दोन्ही सांगतो, पण रविवारचं उतरणं आधी रद्द करा. सव्वीस वर्षं मी धुळे-जळगाव पट्ट्यात मोटारी सोडतोय आणि काढतोय. घरच्या विहिरीची मोटार बसवताना माझा नियम एकच असतो: आज, पुढच्या उन्हाळ्यात किंवा दहा वर्षांनी मोटार बिघडेल तेव्हा, कुणालाही विहिरीत उतरावं लागता कामा नये. मोटारीचा प्रकार, पाईप, दोर, केबल सगळं या एका गोष्टीवरून ठरवायचं.

उतरायचं का नाही, ते नीट समजून घ्या. तुमची विहीर पाच वर्षं झाकलेली आहे. आत पाला पडला, कबुतरांची घाण पडली, एखादा उंदीर-घुस पडून कुजला. कुजताना हवेतला ऑक्सिजन खर्च होतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे वर येत नाही, तळाशी पाण्यावर थर धरून बसतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या नेहमीच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तो १० टक्क्यांच्या खाली गेला की माणसाला ओरडायलाही सवड मिळत नाही, हातातला दोर सुटतो आणि तो खाली पडतो. वर उभ्या असलेल्याला वाटतं पाय घसरला. तो मदतीला उतरतो आणि त्याचंही तेच होतं.

एप्रिल २०२५ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातल्या खंडवा जिल्ह्यात कोंडावत गावी गणगौरच्या विसर्जनाआधी विहीर साफ करताना ८ जण गेले. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०२४ मध्ये, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाची स्लरी सोडलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, असे ५ जण गेले. दोन्ही वेळा एकाला वाचवायला दुसरा उतरला. तुमच्या बेतात तर बाप खाली आणि मुलगा वर आहे. मुलगा वर थांबेल असं तुम्हाला वाटतं का?

आपल्याकडे कंदील सोडून बघायची पद्धत आहे. कंदील विझला तर उतरू नये हे खरंच, पण कंदील जळत राहिला म्हणून उतरावं असं मुळीच नाही. कार्बन मोनॉक्साइड असेल तर ज्योत जळत राहते आणि माणूस मरतो. आत जळणारा वायू साठलेला असेल तर ज्योतीनेच भडका उडेल. कुजक्या अंड्यासारखा वास आला आणि थोड्या वेळाने गेला, तर वायू गेला असं समजू नका, त्या वायूने नाक बधिर होतं. कडुनिंबाची फांदी वरखाली हलवणं, बादल्यांनी पाणी ओतणं याने हवा थोडी हलते, पण खाली किती हवा उरली आहे ते फक्त मीटरच सांगतं. आणि डिझेल इंजिन किंवा पेट्रोलचा पंप विहिरीत खाली कधीही चालवू नका. त्याच्या धुराने भरलेली विहीर इंजिन बंद केल्यावरही तासन् तास माणूस मारते.

गाळ काढणं खरंच गरजेचं आहे का, ते आधी मापून बघा. सुतळीला दगड बांधून सोडा. दगड गाळावर टेकला की दोरी सैल पडते. समजा तो ५२ फुटांवर टेकला. म्हणजे गाळ ३ फूट आणि मे महिन्यातसुद्धा त्याच्यावर १० फूट पाणी. १० फूट व्यासाच्या विहिरीत १० फूट पाणी म्हणजे सुमारे २२ हजार लिटर. घराला दिवसाला हजार लिटर लागतं, तेवढं उपसल्यावर पातळी अर्धा फूटही उतरत नाही. मग गाळ राहू द्या तिथेच. मोटार त्याच्या ३ फूट वर लटकली म्हणजे झालं. वर तरंगणारा पाला-कचरा जाळीच्या टोपलीने वरूनच काढता येतो. जुनं पाणी वरून दोराने सोडलेल्या, पाण्यात बुडणाऱ्या भाड्याच्या मडपंपाने उपसून टाका आणि नवे झरे येऊ द्या. आतून कडे ढासळले असतील आणि गाळ काढावाच लागणार असेल, तर यारीवाल्यांना, म्हणजे यंत्राने गाळ वर ओढणाऱ्यांना, बोलवा. त्यांच्याकडेही ब्लोअर, वायू तपासायचा मीटर, कमरेला पट्टा आणि वर कायम बसलेला माणूस आहे का, हे विचारूनच काम द्या. नसेल तर दुसरे बघा.

आता मोटारीकडे येतो. तुम्ही आणलेली मोनोब्लॉक चांगलीच असेल, पण या विहिरीसाठी ती चुकीची आहे. वर बसलेला पंप पाणी ओढतो तेव्हा खरं तर तो पाईपमधली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हा दाब कागदावर ३४ फुटांपर्यंत पाणी चढवू शकतो. प्रत्यक्षात पाईपचं घर्षण, फूटव्हॉल्व्ह (पाईपच्या खालच्या तोंडाची झडप), सांध्यातून शिरणारी हवा धरून २० ते २२ फूट. तुमचं पाणी ४२ फुटांवर. म्हणूनच त्या माणसाने २० फूट खाली अँगल ठोकायला सांगितलं. त्याचं गणित बरोबर आहे आणि सल्ला जीवघेणा आहे. कारण ती मोटार एकदा बसवून संपत नाही. फूटव्हॉल्व्हमध्ये, ज्याला आपल्याकडे सगळे फुटबॉल म्हणतात त्यात, काडी अडकली की पाणी उतरतं. मग पंपात पाणी भरायला उतरा. ग्लँड (पंपाच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग) गळायला लागलं की उतरा. पावसाळ्यात पाणी चढलं आणि मोटार बुडायला आली की रात्री टॉर्च घेऊन उतरा. ओल्या अँगलवर एक पाय, हातात पाना आणि समोर चालू लाईन. अशी एक मोटार मी २०१० च्या आसपास पारोळ्याकडच्या एका वाड्यात पाहिली. घरातला मुलगा मला कौतुकाने सांगत होता, मी दिवसातून दोनदा उतरतो, आता सवय झाली. मला ती सवय बघून धडकी भरली.

म्हणून ती मोटार न वापरता, पावतीसकट, दुकानात परत द्या आणि ओपनवेल सबमर्सिबल, म्हणजे विहिरीच्या पाण्यात बुडून चालणारी मोटार, घ्या. ओपनवेलमध्ये दोन प्रकार येतात. आडवी असते, ती तळावर बाकड्यासारखी टेकवावी लागते. तिला समपातळी हवी, म्हणजे कुणीतरी खाली हवं. तुम्ही उभी घ्या. ती दोरावर नुसती लटकते. दुकानदार कधी कधी बोअरची चार इंची मोटारच विहिरीसाठी देतो, स्वस्त पडते म्हणून. बोअरमध्ये पाणी मोटारीला घासून वर जातं आणि तिला थंड ठेवतं. १० फूट रुंद विहिरीत पाणी आजूबाजूने पंपात शिरतं, मोटारीच्या अंगावरून वाहतच नाही, आणि ती आतल्या आत तापते. बोअरचीच मोटार वापरायची असेल तर तिच्याभोवती पीव्हीसी पाईपचं जॅकेट चढवावं लागतं. उभी ओपनवेल मिळत असताना ही खटपट कशाला?

एचपी दुकानात बोलून ठरवू नका, हेड काढून जा. हेड म्हणजे मोटारीला पाणी एकूण किती उंच चढवायचं आहे ते. पाणी ४२ फूट खाली, टाकीचं तोंड जमिनीपासून समजा २० फूट वर. झाले ६२ फूट, म्हणजे १९ मीटर. मोजायचं मे महिन्याच्या पाण्यापासून, आत्ताच्या नाही. त्यात पाईपमधलं घर्षण मिळवायचं. विहिरीपासून घर १०० फुटांवर असेल तर एकूण पाईप १७० फुटांच्या आसपास होतो. मिनिटाला ४० लिटर पाणी नेताना एक इंची पाईपमध्ये ५ ते ६ मीटर हेड घर्षणातच जातं. तेच सव्वा इंची पाईपमध्ये दीड-दोन मीटर. म्हणजे पाईपवर थोडे जास्त पैसे टाकले की मोटारीवरचा भार कायमचा कमी झाला. तुम्हाला २१ मीटर हेडला मिनिटाला ४० लिटर देणारी मोटार हवी. पाऊण ते एक एचपीत ती बसते आणि टाकी २५ मिनिटांत भरते. डब्यावरचा सर्वांत मोठा हेडचा आकडा पाहून भुलू नका. त्या हेडला पाणी जवळजवळ शून्य असतं. २१ मीटर हा आकडा मोटारीच्या हेड रेंजच्या मधोमध यावा. फार मोठ्या हेडची मोटार कमी हेडला लावली तरी ती जास्त अँपिअर ओढते, तेही बरं नाही.

विहिरीतला पाईप काळा एचडीपीई, सव्वा इंची, अखंड, मध्ये एकही सांधा नको. लोखंडी पाईप नको. जीआयचे २० फुटी तुकडे आट्यांनी जोडत सोडायचे म्हणजे तिपाई, पान्यांची झटापट आणि काढताना गंजलेले सांधे. शिवाय उभा केलेला लोखंडी पाईप वरच्या विजेच्या तारेला लागून माणसं गेल्याचं आपल्या भागात कुठे ना कुठे ऐकू येतंच. तुमच्या वाड्यावरून लाईन जात असेल तर कसलाही लांब पाईप उभा करण्याआधी मान वर करून बघा, आणि लाईन खरंच डोक्यावर असेल तर महावितरणकडून ती बंद करून घेतल्याशिवाय कामाला हात लावू नका.

मोटारीच्या तोंडाशी एनआरव्ही, म्हणजे एकाच दिशेने पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, लावा, म्हणजे पाणी मागे फिरून पंखा उलटा फिरणार नाही. पाईप कठड्यावर येतो तिथे युनियन, म्हणजे पान्याने खोलता येणारा जोड. पुढे मोटार काढायची झाली की युनियन खोलायचा आणि पाईपसकट मोटार वर ओढायची, करवत लागत नाही.

दोराकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. मोटार, पाण्याने भरलेला पाईप आणि केबल मिळून पस्तीस-चाळीस किलो वजन लटकतं. ते दोराने पेलायचं, पाईपने नाही आणि केबलने तर कधीच नाही. १२ मिलिमीटरचा पॉलिप्रॉपिलीन किंवा नायलॉनचा दोर, नाहीतर स्टीलची दोरी. काथ्याचा दोर पाण्यात कुजतो. एका घरी मी मोटार काढायला गेलो होतो, दोर हातात घेतला तर वरचे चार फूट ठणठणीत आणि पाण्याच्या पातळीवर तो चहात बुडवलेल्या टोस्टसारखा गळून हातात आला. मोटार पाईपवर कशीबशी लटकत होती. अर्ध्या वाटेत सांधा सुटला आणि ती तळाला गेली. त्या घरच्यांनी मला तेव्हाच विचारलं, ‘एक पोरगा उतरवायचा का?’ आम्ही गळ टाकून टाकून दुसऱ्या दिवशी दुपारी ती वर काढली. एक दिवस गेला, पण पोरगा उतरवला नाही.

दोर कठड्याला घासू देऊ नका, विहिरीवर आडव्या टाकलेल्या लोखंडी पाईपला किंवा गर्डरला बांधा. त्याच गर्डरला एक कप्पी कायमची अडकवून ठेवा, शे-दोनशे रुपयांत मोटार काढण्याची निम्मी मेहनत वाचते. केबल आणि दोर पाईपला दर आठ-दहा फुटांवर सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधा, केबलला किंचित सैल ठेवून, कारण मोटार सुरू होताना झटका देते.

सोडण्याआधी मोटारीत शुद्ध पाणी भरलंय का बघा. पाण्याने भरायच्या मोटारींना वर बूच असतं, तिथून हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत भरायचं. मग वायरमनकडून मेगरने (वीज बॉडीत गळते का ते मोजणारं यंत्र) तपासून घ्या. वाइंडिंग ते बॉडी किमान १ मेगाओहम तरी दाखवलंच पाहिजे, नवी मोटार त्याच्या कितीतरी पट दाखवते. मोटार खाली गेल्यावर परत एकदा मेगर लावा. सोडताना केबल दगडाला सोलली गेली असेल तर ती इथेच कळते.

केबल म्हणजे तीन कोअरची चपटी सबमर्सिबल केबल, तांब्याची, अडीच स्क्वेअर एमएम, मोटारीपासून पॅनेलपर्यंत अखंड. मोटारीच्या शेपटीला जोड द्यावाच लागतो. तो सोल्डर करून वॉटरप्रूफ किटने बंद करा. नुसती काळी चिकटपट्टी वर्षभरही टिकत नाही. जाडीचा आग्रह का धरतो ते सांगतो. तुमची केबल १५० फूट होईल. सुरू होताना मोटार क्षणभर ३० अँपिअरच्या आसपास ओढते. १ स्क्वेअरच्या वायरीत तेवढ्यात ५० व्होल्ट वाटेतच जातात, अडीचमध्ये २०. संध्याकाळी गावात दाब आधीच १९० वर आलेला असतो. ५० गेले की मोटारीला १४० मिळाले, ती नुसती घुं करते, फिरत नाही आणि वाइंडिंग जळतं. मग लोक म्हणतात कंपनीने फसवलं.

आता अर्थिंग. इथे मी कुणाचंही ऐकत नाही, तुम्हीही ऐकू नका.

काही वर्षांपूर्वी एका बाईंनी मला सांगितलं, ‘मोटार चालू असताना नळाला हात लावला की झिणझिण्या येतात.’ घरातल्या पुरुषांचं म्हणणं होतं, ‘काय व्हस (काय होतं)? थोडं होतंच.’ मी नळाला टेस्टर लावला तर दिवा पेटला. पॅनेल उघडलं. हिरवी वायर कापलेली होती, टोक काळ्या पट्टीने अगदी नीट गुंडाळून मागे वळवून ठेवलेलं. आधीच्या मेकॅनिकने कापली होती, कारण मोटार लावली की घराचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाईन तोडणारा स्विच, पडायचा. म्हणजे आरसीसीबी ओरडून सांगत होता की मोटारीची वीज बाहेर गळते आहे, आणि त्या माणसाने त्याचंच तोंड बंद केलं. गळणारी वीज मग अर्थमध्ये न जाता पाईपमधून नळापर्यंत आली. त्या घरात दोन लहान मुलं त्याच नळावर अंघोळ करत होती.

म्हणून मोटारीच्या बॉडीपासून हिरवी वायर अखंड पॅनेलपर्यंत आणि पॅनेलपासून स्वतंत्र अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत. खड्ड्यात अडीच मीटरचा जीआय पाईप, भोवती मीठ आणि कोळसा. आपल्या काळ्या मातीची एक खोड लक्षात ठेवा. पावसाळ्यात ती फुगून पाईपला घट्ट धरते, आणि एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ वर गेला की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती पाईपला सोडून देते. तेव्हा अर्थिंग नावाला उरतं. खड्ड्यावर नरसाळं ठेवा आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. वायरमनकडून मे महिन्यात मोजून घ्या, ५ ओहमच्या आत असावं. पाण्याच्या पाईपला अर्थ जोडायचं नाही, न्यूट्रलला अर्थ म्हणायचं नाही.

पॅनेलच्या आधी मोटारीसाठी वेगळा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि एमसीबी. एमसीबी वायर वाचवतो, माणूस आरसीसीबी वाचवतो. महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबा, पडला पाहिजे. नाही पडला तर त्याच दिवशी बदला. पॅनेल घराच्या मागच्या भिंतीवर, छपराखाली, छातीच्या उंचीवर लावा. विहिरीच्या कठड्यावर पॅनेल नको, तिथे ओल्या पायाने माणूस उभा असतो. पॅनेलमध्ये कंडेन्सर, अँपिअर मीटर, व्होल्ट मीटर आणि ड्राय-रन संरक्षण असू द्या. तुमच्यासारख्या विहिरीत एखाद्या दुष्काळी मे महिन्यात पाणी मोटारीखाली गेलं, तर ड्राय-रन ती बंद करेल. पहिल्या दिवशी चालू मोटारीचे अँपिअर वाचून पॅनेलच्या दाराच्या आतून मार्करने तारखेसकट लिहा. पुढे कधी आकडा वाढलेला किंवा घटलेला दिसला की मेकॅनिकला फोनवर तोच सांगा, निम्मं निदान तिथेच होतं.

आणि विहिरीशी, पाईपशी, दोराशी काहीही करायचं असेल तर आधी एमसीबी बंद, मग मेनचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात. भारनियमनात वीज नाही म्हणून काम करू नका, ती कधी येईल याचा भरवसा नाही.

टाकी. १००० लिटर म्हणजे एक टन पाणी, सव्वातीन-साडेतीन फूट व्यासाच्या गोलावर. घराच्या गच्चीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला १५० किलो भार धरून काढलेला असतो, टाकीखाली तो हजाराच्या वर जातो. म्हणून टाकी स्लॅबच्या मध्यावर किंवा पॅरापिटवर नको. कॉलमच्या डोक्यावर किंवा दोन बीम जिथे मिळतात तिथे, आणि भार बीमवर जाईल असा पाया करून. घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या छपराचं असेल, अमळनेर-पारोळ्याकडे अजून बरीच आहेत, तर धाब्यावर टाकी ठेवायचा विचारसुद्धा करू नका. पावसाळ्यात मातीचं धाबं आधीच पाणी पिऊन जड झालेलं असतं आणि आतून सऱ्या किती वाळवीने खाल्ल्यात ते दिसत नाही. तिथे जमिनीवर काँक्रीटचे पाय घालून वेगळा लोखंडी स्टँड उभारा. तुम्ही स्लॅब म्हटलंय, पण तो कुणी, कधी टाकला, खाली बीम आहेत का, हे एखाद्या अभियंत्याला दाखवा. एका तासाचं काम आहे.

प्लास्टिकच्या टाकीचं बूड पूर्ण टेकलं पाहिजे. विटांच्या चार ठिगळांवर ठेवली की मधला भाग लोंबतो आणि दोन-तीन उन्हाळ्यांत कडेला चीर जाते. लेव्हलमध्ये केलेला सलग काँक्रीटचा चबुतरा करा, टाकीपेक्षा चार बोटं मोठा. मे-जून मधल्या वावटळीत रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा एका रात्रीत आडव्या होतात, तेच वारं रिकामी टाकी पतंगासारखी उचलून शेजाऱ्याच्या अंगणात टाकतं. टाकीच्या गळ्याला पट्टा घालून ती हुकांना बांधा आणि वादळाच्या दिवसांत अर्धी तरी भरलेली ठेवा. पांढरी किंवा बहुपदरी टाकी घ्या आणि वर हिरव्या नेटचा मांडव घाला. उघडे पीव्हीसी पाईप आपल्या उन्हात ठिसूळ होतात, त्यांना रंग द्या.

ओव्हरफ्लो येणाऱ्या पाईपपेक्षा एक माप मोठा, त्याच्या तोंडाला बारीक जाळी, कारण डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. बाहेर जाणारा नळ बुडापासून दोन इंच वर आणि अगदी तळाला वेगळा वॉशआऊट. टाकी भरल्यावर मोटार बंद होण्यासाठी पॅनेलला जोडलेला फ्लोट स्विच लावा. बॉलकॉक लावू नका, तो पाणी बंद करतो पण मोटार चालूच राहते आणि बंद पाईपवर जोर करत तापते. फ्लोटची २३० व्होल्टची वायर टाकीच्या पाण्यात सोडायची नाही. कमी व्होल्टेजचा सेन्सर मिळतो, तोच घ्या. ग्रामपंचायतीच्या नळाची लाईन मोटारीच्या लाईनला थेट जोडू नका. ती टाकीत वरून, पाण्यापासून चार-सहा इंच उंचावर सुटू द्या. नाहीतर नळाला दाब नसताना तुमच्या विहिरीचं पाणी सगळ्या गल्लीच्या लाईनमध्ये जाईल.

पाण्याची तपासणी प्यायला सुरुवात करण्याआधीच करा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्ह्याच्या ठिकाणी प्रयोगशाळा असते. जंतू, क्षार आणि नायट्रेट या तिन्हींसाठी नमुना द्या. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटून वाढतं, आणि लहान बाळांना त्याचा खरा धोका आहे. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून निदान ५० फूट लांब हवा. आपल्याकडच्या भेगाळ काळ्या खडकात तेवढंही कधी पुरत नाही, म्हणून तपासणी पावसाळ्यानंतर परत करा.

पहिल्यांदा टाकी भरून त्यात १५० ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरची निवळी ओता. घरातले सगळे नळ वास येईपर्यंत सोडून बंद करा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी सगळं वाहून टाका, झाडांना घालू नका. त्या रात्री नळाचं पाणी कुणी पिऊ नये. विहिरीत रोजची मात्रा हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे तुमच्या २२ हजार लिटरला ५५-६० ग्रॅम. तासाभराने पाणी वापरता येतं. टीसीएल कालवताना त्यात ॲसिड किंवा दुसरं काही घालू नका, विषारी वायू निघतो. आणि टाकीत डोकं घालून ते ढवळू नका.

यावल, रावेर, चोपडा या तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्यातल्यांनी हे उत्तर विहिरीपुरतंच घ्यावं. तिथे खोल बोअर, पूर्ण खोलीचं केसिंग आणि पंपात येणारी रेती हे प्रश्न निराळे आहेत.

शेवटचं काम विहिरीच्या तोंडाचं. कठडा अडीच फूट तरी उंच करा आणि वर पत्र्यांऐवजी लोखंडी जाळी बसवा. जाळीतून हवा खेळते, पोरं आणि कुत्री-मांजरं आत पडत नाहीत. कप्पीच्या बरोबर खाली जाळीत दोन फूट बाय दोन फुटांचं झाकण ठेवा, कुलूप लावून. मोटार त्यातून वर येते, आणि किल्ली तुमच्या खिशातल्या फ्यूजबरोबर राहते.